दहापैकी तीन

अप्पा,

हे मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितो आहे आणि खाली दोन उशा घातल्या आहेत. खुर्ची उंच हवी, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून काही उचलायचं नाही आणि मांडी तर घालायचीच नाही. लहानपणी पाठीत कोपर मारून तुम्ही मला पानासमोर ताठ मांडी घालून बसायला शिकवलंत. ती सगळी शिकवण पाच आठवड्यांपूर्वी अड्यारच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी रद्द केली. माझा उजवा खुबा बदलला. आतलं हाड झिजून गुळगुळीत झालं होतं, ते काढून तिथे धातूचा सांधा बसवला आहे. तीस वर्षं मी कारखान्यात यंत्रांचे सांधे बदलले, आता माझाच बदलून घेतला. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, म्हणून कळवतो. ही मराठीही तुमची नव्हे हे लक्षात आलंच असेल. तुमची तंजावरची मराठी मला बोलता येते, लिहिता येत नाही. लिहिताना तुमच्या साताऱ्याच्या सुनेची येते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली आणि म्हणाली, "सार, वलि एव्वळवु? झिरोला इरुंदु टेन सोल्लुंग." दुखणं किती, शून्य ते दहामधला आकडा सांगा. मी विचारात पडलो. तुमच्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे चेष्टाच. तुम्ही चाळीस वर्षं गणित शिकवलंत आणि दहापैकी दहा कुणाला दिले नाहीत. माझं सगळं बरोबर आलं तेव्हाही तुम्ही नऊ दिलेत आणि एक मार्क अक्षरासाठी कापलात. त्या घरातला मुलगा दुखण्याला आठ मार्क कसे देणार? कपाळावरून घाम ओघळत होता, पलंगाची कड मी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि मी म्हटलं, "मून्नु." तीन. तिनं माझ्याकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं आणि तक्त्यावर तीन लिहिलं. दुपारी तीन. संध्याकाळी तीन. तीनच्या माणसाला जेवढं औषध मिळतं तेवढं मला मिळत राहिलं.

मार्कांचं म्हणतोय, पण खरं कारण मार्क नव्हते. खरं कारण तुमच्या शाळेच्या पटांगणातलं होतं. मी दहा वर्षांचा. घसरगुंडीच्या कठड्यावरून पडलो आणि डावा हात कोपराखाली मोडला. मी असा ओरडलो की चारही वर्गांच्या खिडक्यांत डोकी आली. तुम्ही वर्ग सोडून आलात, बोटांना खडू होता. खाली बसलात, हात पाहिलात आणि सगळ्या शाळेसमोर म्हणालात, "बोंब मारल्यानें हाड जुळतें काय रे? उगा राहा." मी उगा राहिलो. हाड बसवतानाही राहिलो. त्यानंतर मी कधी कुणासमोर ओरडलेलो नाही, आईच्या वेळी नाही, तुमच्या वेळीही नाही. त्या प्लास्टरच्या दिवसांतलं दुसरंही आठवतं. मी डावखुरा, लिहिता येईना. तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही माझा गृहपाठ लिहून घ्यायचात. मी सांगायचो तसंच लिहायचात, चुकलं तर चूक तशीच उतरवून घ्यायचात, एक शब्द बोलायचा नाहीत. मग पेन खाली ठेवून लाल पेन उचलायचात आणि तुमच्याच अक्षरातली ती चूक खोडायचात. मला त्याचं हसू यायचं, पण तुमच्यासमोर हसलो नाही कधी.

आता तुमच्या खुब्याचं. अकरा वर्षांपूर्वी मागच्या बाल्कनीत वेष्टी वाळत घालताना तुम्ही पडलात. ऐंशी वर्षांचे होतात. अर्धा सांधा बदलला आणि घरी आणून पुढच्या खोलीत तुमची खाट लावली. मी तेव्हा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात देखभाल विभाग सांभाळत होतो. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे सहा. पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या तुमच्या उशाशी ठेवल्या, तर तुम्ही हातानं बाजूला सारल्यात, "ठेव तिकडे" म्हणालात. रोज संध्याकाळी बूट काढता काढता मी विचारायचो, "अप्पा, दुखतें काय?" आणि तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचात, "कांही नाही." झालं. एवढंच आपलं बोलणं. दोन महिन्यांत तुम्ही काठी घेऊन फाटकापर्यंत जायला लागलात. मी बसमध्ये शेजारच्याला अभिमानानं सांगायचो, ऐंशीव्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन आणि एक गोळी नाही. त्यानं कारखानाभर सांगितलं. कॅन्टीनमध्ये लोक मला तुमच्याबद्दल विचारायचे.

मग माझा खुबा दुखायला लागला. आधी बसच्या पायरीवर, मग जिन्यावर, मग नुसतं कुशीवर वळताना. आणि अप्पा, जसजसं ते वाढत गेलं तसा माझा अभिमान कुजत गेला. दुखणं हे असं असतं होय, असं वाटायचं. हे याच्या दुप्पट, मोडलेल्या हाडाचं, तुम्ही त्या खाटेवर दिवसभर सोसत होतात, आणि मी बूट काढता काढता विचारत होतो, उत्तर ऐकून हात धुवायला जात होतो. एकदाही शेजारी बसून दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या बापाचे हाल झाले आणि मी त्याची बढाई मारली, ही गोष्ट गेली तीन वर्षं माझ्या मनात घर करून होती. बायकोलाही सांगितली नव्हती. म्हणून इस्पितळात मी तीन म्हणत होतो. तुम्ही शून्यावर निभावलंत, मी निदान तीनवर तरी निभवावं, असा माझा हिशेब. वेडगळ होता, पण पक्का होता.

चौथ्या दिवशी घरी आलो. आपलं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुम्हाला माहीतच आहे. दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं. सोबत गोळ्यांची पिशवी आणि कुठली किती वाजता घ्यायची याचा कागद. रक्ताच्या गुठळीची, प्रेशरची, पोटाची, सगळ्या मी शहाण्यासारख्या घेत होतो. दुखण्यावरची तेवढी तळहातात ठेवून, पाणी पिऊन, बायकोची पाठ वळली की चष्म्याच्या घरात टाकत होतो. त्रेसष्टाव्या वर्षी हे उद्योग. आणि व्यायाम होईना. पाय गादीवरून चार बोटं उचलायचा, तर मांडीत कुणी पाना अडकवून पिळल्यासारखं व्हायचं आणि मी थांबायचो. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जायचं, तर मधल्या दारातच खुर्ची मागायचो.

फिजिओ आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतली, सव्वीस-सत्तावीसची मुलगी, मला अंकल म्हणते. दहाव्या दिवशी तिनं माझा पाय हातात घेतला, वाकवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तमिळमध्येच म्हणाली, की अंकल, या दिवसांत हा पाय हलला नाही तर स्नायू धरणार नाहीत, लंगडणं कायमचं राहील, वॉकर सुटणार नाही आणि तुम्ही या जिन्यावरून खाली उतरणार नाही. सांधा उत्तम बसलाय, बिघडवताय तुम्ही. मग विचारलं, दुखणं किती? मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, "अंकल, पोय् सोल्लादींग." खोटं बोलू नका. तीनवाल्याचा पाय असा थरथरत नाही. एवढं बोलून ती गेली. मी खिडकीतून समोरच्या बदामाच्या झाडाकडे बघत बसलो. खाली उतरायचं नाही म्हणजे बेसंट नगरच्या समुद्रकाठची सकाळची चक्कर नाही, शहाळंवाला नाही, काहीच नाही. भीती वाटली, अप्पा. खरंच वाटली.

बायको फिजिओच्या मागोमाग दार लावून आली. माझा चष्मा पुसायला म्हणून तिनं त्याचं घर उघडलं आणि गोळ्या टेबलावर घरंगळल्या. ती स्वयंपाकघरात गेली. डांगर पचडी करत होती, तुम्ही शिकवलेली, उडदाचं पीठ भाजून दह्यात कालवलेली. साताऱ्याची बाई, पण ती आता तुमच्यापेक्षा चांगली करते. तिचा चमच्याचा आवाज थांबला. मग तिथूनच म्हणाली, "अहो, इकडे या. चालत या."

मी वॉकर ढकलत गेलो. सात-आठ पावलं, मधे दोनदा थांबलो. दारात पोचल्यावर तिनं माझ्यापुढे स्टूल सरकवलं नाही. म्हणाली, "हे कुणासारखं करताय तुम्ही?"

"अप्पांसारखं," मी म्हटलं. "त्यांनी एक गोळी घेतली नाही."

ती हसायला लागली. आधी वाटलं रडतेय, पण हसत होती, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "अप्पांना मी वचन दिलं होतं. अकरा वर्षं पाळलं. पण तुमच्या पायापेक्षा ते वचन काही मोठं नाही, आणि ते असते तर त्यांनीच मोड म्हटलं असतं." आणि तिनं सांगितलं. "तुमची बस सकाळीच जायची. साडेनवाला अप्पा खाटेवरून हाक मारायचे, 'सूनबाई, ती गोळी दे गे.' कॉफीबरोबर गोळी. मग बरोब्बर पाऊण तास घड्याळ बघत बसायचे, आणि सव्वादहाला खिडकीचे गज धरून उभे राहायचे आणि ओरडायचे." "ओरडायचे म्हणजे?" मी विचारलं. "ओरडायचे म्हणजे ओरडायचे," ती म्हणाली. "पाढा म्हणत पाय उचलायचे. एकोणीसचा. 'एकोणीस एके एकोणीस' साध्या आवाजात. दुणे अडतीसला आवाज चढायचा. त्रिक सत्तावन्नला खालच्या मामी दार उघडून वर बघायच्या. आणि 'एकोणीस चोक शहात्तर' तर अशी आरोळी असायची की झाडावरचे कावळे उडायचे. एकदा मामी धावत वर आल्या, 'अय्यो, एन्न आच्चु?' काय झालं, काय झालं करत. अप्पा म्हणाले, 'गणित.' दुपारी जेवण झालं की परत गोळी, परत पाढा. साडेपाचला मी त्यांचा चेहरा पुसायची, शर्ट बदलायची, हातात पेपर द्यायची. मग सहाला तुम्ही यायचात."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

तिनं चमचा खाली ठेवला. मग तुमच्यासारख्या आवाजात म्हणाली, तिला तुमची नक्कल छान जमते, "त्याला सांगूं नको गे. लहानपणीं त्याचा हात मोडला तेव्हां म्यां त्याला सगळ्या शाळेपुढें उगा राहा म्हटलों. आतां कोणत्या तोंडानें त्याच्यापुढें बोंब मारूं?"

अप्पा, तुम्हाला तो दिवस आठवत होता. मला वाटायचं तो फक्त माझाच आहे. मी दारात वॉकरला धरून उभा होतो, आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. मी रडलोच. बायकोसमोर, भर सकाळी, स्वयंपाकघरात, आवाज काढून. तीन वर्षं जे छातीवर बसलं होतं ते उतरलं. तुमचे हाल झाले नव्हते! तुम्ही साडेनवाची गोळी घेत होतात, कॉफी पीत होतात, पाढे म्हणत होतात, कावळे उडवत होतात. तुम्ही मला फसवत होतात आणि मी फसलो होतो, यापेक्षा चांगली बातमी मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी दिलेली नाही. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. दोन महिने रोज संध्याकाळी ते "कांही नाही" ऐकून मी हात धुवायला जात होतो, त्याऐवजी एक दिवस "दुखतें" म्हणाला असतात तर? पण मग मी तरी काय केलं असतं, हेही मला माहीत नाही. बायको म्हणाली, "आणि कारखान्यात तुम्ही काय करत होतात? बेअरिंगचा आवाज यायची वाट बघायचात की आधीच ग्रीस घालायचात?" मी मुकाट्यानं गोळी घेतली. आवाज येईपर्यंत थांबणाऱ्या किती ऑपरेटरांना मी झापलं होतं, ते सगळे त्या दिवशी हसले असते.

तेव्हापासून सगळं तुमच्या वेळापत्रकानं. फिजिओला खरं सांगितलं, तिनं डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळ्यांच्या वेळा नीट लावून दिल्या. साडेनवाला गोळी, व्यायाम पाऊण तासानं, मग वीस मिनिटं बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून. दुखणं जात नाही, पण ते बाजूला सरकून बसतं आणि पाय उचलू देतं. जोरदार गोळ्यांनी पोट अडलं, त्याच्या कथा सांगत नाही, पपई खाऊन निभावलं. आता त्या बंद होऊन साध्या चालू आहेत. पाढ्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मला लाजच वाटली, पुटपुटलो. बायको म्हणाली, "ऐकू नाही आलं." त्रिक सत्तावन्नपर्यंत आवाज मोकळा झाला. खालच्या मामी आता पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांनी खालूनच ओरडून विचारलं, "गणिदमा?" गणित का? मी म्हटलं, "आमाम् मामी!" हो, गणितच. बायको आत भांडी घासताना एकटीच हसत होती.

फिजिओला माझे आकडे आता पटतात. सात, मग सहा, मग चार. परवा जिना उतरलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असं ती पाठ करून घेते, मी चौदा पायऱ्या तेच घोकत होतो. खाली बदामाच्या झाडाखाली उभं राहून शहाळं प्यायलो. घाम फुटला होता पण आनंदाचा होता. तुम्ही फाटकापर्यंत गेलात त्या दिवशी मी इरुंगाट्टुकोट्टैला कुठल्या तरी पंपात डोकं घालून बसलो होतो. या वेळी फाटकाशी बायको उभी होती, तिनं तुमचं चालणंही पाहिलं होतं, माझंही पाहिलं.

हे मी व्यायामाच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं आहे. फिजिओला ते परत द्यायचे नाहीत, माझ्याच फायलीत एक्स-रेच्या पाकिटात राहतील. तुम्हाला काही पाठवता येत नाही, आणि येत असतं तरी तुम्ही आधी अक्षर तपासलं असतंत. फक्त एक राहिलं आहे, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

काल तुमच्या नातवाचा फोन आला. तो दर रविवारी करतो, कॅनडाहून, पाच मिनिटं. त्याची मराठी आता अर्धी तमिळ आहे. म्हणाला, "बाबा, निजमा सांगा, खरंच सांगा, दुखतंय का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही." तुमच्याच सुरात, न ठरवता. मी फोन ठेवणार होतो. मग म्हटलं, "थांब. दुखतंय रे."  त्यानं विचारलं, "किती? दहापैकी?" मी म्हटलं, "सहा." तो फोन घेऊन कुठेतरी जाऊन बसला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बोलत राहिला. कुठे दुखतं, कसं दुखतं, गोळी घेतली का. मग त्याच्या घराचं, त्याच्या थंडीचं, त्याला डांगर पचडी जमत नाही त्याचं. तुमच्या पाढ्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. चाळीस मिनिटं झाली. इतकं आम्ही त्याच्या लग्नातही बोललो नव्हतो.

अप्पा, दुखणं तेव्हा दोनच होतं. वरचे चार मार्क मी वाढवून घेतले. लाल पेन खाली ठेवा, ते खोडू नका.